दोन झिऱ्यांचं पाणी

दोन्ही बाटल्या खिडकीच्या कठड्यावर शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांतली आपली कोणती हे बायनाबाईला ओळखू येईना. झालं होतं ते एवढंच. पुण्यातल्या त्या सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात ती सकाळपासून बसली होती. शेजारी सातारा जिल्ह्यातली कुणी भिवराबाई बसली होती. दोघींच्याही हातात आपापल्या गावच्या गढूळ पाण्याची बाटली होती, आणि फरशी पुसताना सांडतील म्हणून शिपायाने दोन्ही बाटल्या उचलून कठड्यावर ठेवल्या होत्या. बाटल्या एकाच मापाच्या, जाड काचेच्या, रबरी बुचाच्या. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या येतात त्या. आतलं पाणी तांबूस, तळाशी बोटभर गाळ. बायनाबाईने एक उचलली, उजेडात धरली, ठेवली. दुसरी उचलली. मग पुन्हा पहिली. घराला कुलूप लावलं की नाही ते निम्म्या वाटेत आठवेनासं व्हावं, तसं तिला झालं. "तुमची कंची?" भिवराबाईने विचारलं. "थांबा की, सांगते," बायनाबाई म्हणाली, आणि तिला सांगता आलं नाही.

आता बायनाबाईला काही ओळखता येत नाही असं बीडकडे नेकनूर भागात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच खुळ्यात काढलं असतं. बायकांच्या दूध संस्थेची ती चेअरमन. संस्थेच्या ओट्यावर चरवी पुढे करताना भल्या भल्या बाया चाचरायच्या. दुधात पाणी घातलंय हे कुणालाही कळतं, पण ते कुणाच्या आडाचं घातलंय हे बायनाबाईला कळतं, अशी तिची चेष्टा चालायची, आणि वरवर ती रागावली तरी मनातून ही चेष्टा तिला फार आवडायची. एसटीतून उतरलेला माणूस केजकडचा की पाटोद्याकडचा हे ती त्याच्या पटक्याच्या गाठीवरून सांगायची आणि सहसा चुकायची नाही. आपला मुलूख आपल्या अंगात मुरलाय, डोळे बांधून कुठेही सोडलं तरी आपण वासावर घरी येऊ, अशी तिची खात्री होती. आणि आता इथे, फिनेलच्या वासात, आतल्या टाइपरायटरच्या टकटकीत, सहा महिने ती जे पाणी रोज फडक्याने गाळून प्याली तेच पाणी तिला ओळख देईना. की परकं पाणी ओळख दाखवत होतं? यातलं नेमकं काय होतंय तेही तिला उमजेना आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"आक्का, कोंची बी उचला," बिभीषण हळूच म्हणाला. बिभीषण संस्थेचा सेक्रेटरी, मेंढरं राखणाऱ्या घरातला, फार विचार न करता बरोबर वाट धरणारा माणूस. "गढूळ हाय ना, मंग झालं. साहेबाला दावायचीय, पाजायची थोडीच हाय?"

"कोंची बी कावून? माजी मला पाहिजे," बायनाबाई म्हणाली, आणि तिने एका बाटलीचं बूच काढून वास घेतला. शेवाळाचा. दुसरीचं काढलं. शेवाळाचाच. भिवराबाईनेही वाकून दोन्ही हुंगल्या आणि मान हलवली. "तुमच्यात बी वाळूत खांदूनच भरत्यात व्हय?" तिने विचारलं. "झिरा हाय आमचा. बिंदुसरेच्या पात्रात. पालीला." "आमचा माणगंगंत. आमी बी झिराच म्हंतो त्येला." झिरा हा शब्दही तिकडे तोच असावा हे बायनाबाईला का कोण जाणे आवडलं नाही. तिने दोन्ही बाटल्या कठड्यावर ठेवून दिल्या आणि पदराने हात पुसत बाकावर बसली.

बाटली म्हणजे तिचं हत्यार होतं. गेल्या हिवाळ्यापासून तिने ती बीडला उचलली होती, औरंगाबादला उचलली होती, एकदा तर पुढाऱ्याच्या मोटारीच्या काचेवर आपटली होती. बाटली उचलायची, जरा थांबायचं, सगळ्यांची नजर काचेवर खिळू द्यायची आणि मग म्हणायचं, हे आमचं पाणी. अख्ख्या महाराष्ट्रात असं पाणी दुसऱ्या कुणी प्यालं असंल तर त्यानं हात वर करावा. हात कधी वर व्हायचा नाही. मागून एखाद्या म्हाताऱ्याचा च्चच्च ऐकू यायचा आणि मग टाळ्या. टाळ्यांची तिला सवय लागली होती हे खरंच आहे. आपल्या वाट्याला आलेलं दुःख दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नाही, यात माणसाला एक ऐट असते. ती ऐट तिच्या नऊवारीच्या काष्ट्यात होती, चालण्यात होती, चेअरमन म्हणून सही करताना शेवटच्या अक्षराच्या शेपटीला ती जो झटका द्यायची त्यात होती. पुण्याच्या गाडीत बसताना तिने बिभीषणला सांगितलं होतं, तू कायबी बोलू नको, मी बोलते, चारा घेऊनच यायचं.

आणि चारा घेऊनच जायला हवं होतं. संस्थेच्या बायकांची सगळी जनावरं पालीच्या धरणाच्या कोरड्या पोटात छावणीला बांधली होती. छावणीतला कडबा येत्या बाजारापर्यंत पुरला असता, त्यापुढे नाही. आणि बाजाराच्या दिवशी खाटकाचे टेंपो छावणीपासून हाकेच्या अंतरावर उभे राहायला लागले होते, नुसते उभे, कुणाला काही न बोलता. या कचेरीकडे चाऱ्याचा एक शेवटचा वाटा शिल्लक होता. नियम बिभीषणने बैठकीत सगळ्यांना समजावून सांगितला होता: सगळ्यात वाईट गत ज्यांची, त्यांना सगळा, पण एकसारखी गत असलेली दोन ठिकाणं निघाली तर निम्मा निम्मा. सगळा मिळाला तर दावणीची सगळी जनावरं पावसाळा गाठणार होती. निम्मा मिळाला तर कामाचे बैल आणि दुभती तेवढी ठेवायची, बाकीची सोडायची. बैठक संपल्यावर चतुराबाई मागे रेंगाळली होती. चतुराबाईला नवरा नाही, जमीन नाही, एक गाय आहे आणि ती गाय यंदा भाकड. "आक्का, सगळा आणा," ती म्हणाली होती. "निम्म्यात मी बसत न्हाई." तिने ते इतकं साधेपणाने म्हटलं होतं की बायनाबाईने तिच्या पाठीवर थाप मारून, आणते की, सगळा आणते, असा शब्द देऊन टाकला होता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला भिवराबाईने भाकरीचं फडकं सोडलं आणि अर्धी भाकर, वर लसणाची चटणी, न विचारता बायनाबाईच्या हातात ठेवली. भाकर बाजरीची होती. नाही कसं म्हणायचं म्हणून बायनाबाई खायला लागली. खाताना भिवराबाई सांगत होती की तिच्याही गावात दूध संस्था आहे, तिलाही धरून बांधून चेअरमन केलंय, तिच्याही मागे बायका लागल्यात आणि तीही याच चाऱ्याच्या वाट्यासाठी आलीय. ती सांगत होती आणि बायनाबाई अंदाजाने हुं हुं करत होती. सातारा म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. फार वर्षांपूर्वी नात्यातल्या लग्नाला जाताना तिने एसटीच्या खिडकीतून कृष्णेकाठ पाहिला होता. मैलोगणती ऊस, पाटाचं पाणी, साखर कारखान्याची धुराडी, काठाकाठाने चालणाऱ्या धष्टपुष्ट म्हशी. तेव्हा तिच्या मनात जे उमटलं ते हेव्याच्याही पलीकडचं होतं. आपण एका देशात आणि हे दुसऱ्या देशात, असंच तिला वाटलं होतं. आपल्याकडची माणसं दसरा झाला की बैलगाड्या जुंपून यांचा ऊस तोडायला येतात, यांच्या बांधावर खोप्या घालून राहतात, आणि पाडव्याच्या आसपास वाळून परत जातात. त्यांचं ते आणि आपलं हे. इतकी वर्षं तिने भाषणात 'तिकडचे' म्हणून ज्यांच्या नावाने बोटं मोडली होती त्यांतली एक आता तिला भाकर वाढत होती.

"तुमच्याकडं काय, नदीच हाय दारात," बायनाबाईने जरा टोचूनच म्हटलं.

"आमच्यात?" भिवराबाई हसली. "आवं बाय, सातारा म्हणलं की समद्यांस्नी ऊस दिसतो. आमी पार कडंला, माण तालुक्यात. आमची बी जात्यात की ऊस तोडाया. तुमच्या बीडवाल्यांच्या खोप्यांशेजारीच आमच्या खोपी असत्यात. माजा दीर हाय टोळीचा मुकादम, म्हाळू त्येचं नाव."

बायनाबाईच्या भावकीतही एक म्हाळू होता आणि तोही टोळी घेऊन जायचा. तिने ते सांगितलं नाही. तिने बाहत्तरच्या दुष्काळाचं काढलं. बाहत्तरला कुणी तिची बरोबरी करू शकत नव्हतं, तिथे ती पक्की होती. पाझर तलावाच्या कामावर ती नवी सून म्हणून खडी फोडायला बसली होती, जमीनदाराघरची सून आणि डोक्यावर पाटी, सुरुवातीला तोंड पदरात झाकून आणि मग कसला पदर अन् कसलं काय. तिने सुकडीचं सांगितलं, सरकारने कामावर वाटलेलं ते पीठ. "आमच्या सुकडीत किडे हुते," भिवराबाई लगेच म्हणाली, कारण तीही म्हसवडच्या बाजूला खडीवर होती. "आमच्याकडं किडेच होते," बायनाबाई म्हणाली, "सुकडी कुटं होती?" "आमी तर किडं येचून पुन्यांदा भाजायचो." "आमी येचायचो बी न्हाई." दोघी क्षणभर एकमेकींकडे रागाने पाहत राहिल्या आणि मग भिवराबाईला हसू फुटलं, ते बायनाबाईला लागलं, आणि दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की शिपाई आतून येऊन बघून गेला. हसून झाल्यावर बायनाबाईला एकदम हलकं वाटलं आणि लगोलग भीती वाटली. हरण्याची भीती तिला माहीत होती. ही तसली नव्हती. जिच्याशी भांडायचं तीच आपण असलो तर भांडायचं कुणाशी, अशी काहीतरी ती होती.

मग तिला दिंद्रुड आठवलं, आणि का आठवलं ते तिला नीट कळलं. तिची लेक सत्यभामा दिंद्रुडला दिलेली. दिवाळीला ती लेकीकडे गेली होती तर लेकीने तिला शेताच्या कडेला नेऊन नव्या कालव्याचा चर दाखवला होता, कोरा, सरळ, काळ्या जमिनीतून कापत गेलेला. पाणी अजून आलं नव्हतं, पण लेकीच्या बोलण्यात ते आलं होतं. "आई, आता आमी बी बागायतदार," ती म्हणाली होती. "दोन साल जाऊ दे. मंग बीड जिल्ह्याला दुष्काळी कोण म्हणंल?" बायनाबाईला तेव्हा लेकीच्या सुखाने भरून आलं होतं. पण परतीच्या एसटीत एक विचार तिच्या मानेवर येऊन बसला होता आणि तिने तो झटकून टाकला होता. लेकीचं म्हणणं खरं झालं तर? दिंद्रुडच्या उसाने जिल्ह्याचा आकडा वर जाईल, नकाशावर बीडचा रंग बदलेल, आणि नेकनूर होतं तिथेच राहील, पालीचा झिरा होता तिथेच राहील. मग कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी म्हणेल, बीड ना? तुमच्याकडं काय, कालवाच हाय दारात. आता बाकावर बसल्या बसल्या तो विचार परत आला, तिच्याच आवाजात, मघाशी तिने भिवराबाईला टोचलं होतं अगदी त्याच सुरात. तिने हातातला भाकरीचा तुकडा संपवला आणि शिपायाने तिचं नाव पुकारलं.

आत पंखा होता आणि भिंतीवर राज्याचा मोठा रंगीत नकाशा होता. साहेब तरणा होता, आणि त्याने उठून तिला बसायला सांगितलं. बाटली तिने बरोबर आणली नव्हती. कठड्यावरच्या दोन्हींतली कोणतीही उचलायला तिचा हात झाला नव्हता, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते न सुचून तिने ते मांडीवर ठेवले. साहेबाने भाषण करायची वेळच येऊ दिली नाही. त्याने नकाशाकडे बोट केलं. बीड जिल्हा पिवळा होता, मागास. सातारा जिल्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवा होता, पुढारलेला. सरासरी उत्पन्न, शिकलेली माणसं, पाण्याखालची जमीन, सगळं धरून रंग दिले आहेत, असं त्याने समजावलं. बायनाबाईने हिरव्याच्या पूर्वेच्या कडेला नजर नेली. तिथे माण असणार होतं. तिथला हिरवा कृष्णेकाठच्या हिरव्याइतकाच गडद होता, रंगाऱ्याचा हात कुठेच थांबला नव्हता.

"तुमचं काम झालंय असं समजा," साहेब म्हणाला. बिभीषणने सोडलेला श्वास तिला ऐकू आला. "सगळा चारा तुमच्या छावणीला देता येईल. फक्त दुसरा अर्ज नामंजूर करायचा तर मला कारण लिहावं लागतं. तुम्ही दोघी सकाळपासून एकत्र बसलात, तुमचं बोलणं झालंच असेल. त्यांची स्थिती तुमच्यासारखी नाही, एवढं तुमच्या नावावर लिहू ना?"

एवढंच म्हणायचं होतं. हो म्हणायचंही नव्हतं, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. हेच तर ती गावोगाव सांगत आली होती, आणि आज सरकार स्वतः तिच्या तोंडासमोर तेच वाक्य धरून उभं होतं. पंख्याचा वारा टेबलावरच्या कागदांची टोकं उचलत होता. तिला छावणी दिसली, दावण दिसली, दावणीच्या टोकाला चतुराबाईची भाकड गाय आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी असलेली चतुराबाई दिसली. मी शब्द दिलाय, तिने स्वतःला बजावलं. ती दुसरी कोण लागते माझी? आज भेटली, उद्या तोंड दिसायचं नाही. आणि तरी दातांत अडकलेला बाजरीचा कण जिभेला लागत होता, आणि तिने कितीही डोळे ताणले तरी तिला तो हिरवा रंग हिरवा दिसेना. तिला कळत होतं की आपण आत्ता जे म्हणू ते उद्या आपल्यालाच ऐकावं लागणार आहे, दुसऱ्या कुठल्या तरी बाईच्या तोंडून, कालव्याचं पाणी दिंद्रुडला पोचलं की. पण खरं सांगायचं तर उद्याचा हिशेब करून ती बोलली नाही. तिला खोटं ओळखायची सवय होती. दुसरीच्या चरवीतलं जे तिने कधी चालू दिलं नाही ते स्वतःच्या तोंडातून तिला चालेना, आणि हे लक्षात आल्याबरोबर तिचा सभेतला आवाज तिला परत मिळाला.

"लिवू नका साहेब," ती म्हणाली. "तिची न आमची गत एकच हाय. नकाशाचं तुमचं तुमी बघा. माणसाचं मी सांगते."

बिभीषणने खुर्चीखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने तो बाजूला सारला. साहेबाने पेन खाली ठेवलं. "मग निम्मा निम्मा होईल, बाई. विचार करून सांगा."

"केला. आन साहेब, पुढच्या वक्ताला चारा वाढवून आणा. दोगी येणार हाव आमी, एकाच गाडीनं."

दाराबाहेर बिभीषणने तिला थांबवलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "आक्का, हे काय केलं तुमी? चतुराला काय सांगायचं? तिची गाय निघणार आता."

"तिची कावून निघंल? दावणीला माजी चार हायेत," बायनाबाई म्हणाली. "दोन बैल, दोन दुभत्या. एक त्यांतली निघंल, तिच्या गाईला जागा हुईल. घरी नवऱ्याची बोलणी मी खाईन. बाकीच्या बायांना बी मीच सांगते, तू मधी पडू नको." पण दोन दुभत्यांतली कोणती, हे मनात आलं तेव्हा तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

भिवराबाई बाकावर तशीच होती, फडकं घडी करून मांडीवर ठेवलेलं. आपला नंबर अजून यायचा म्हणून ती पदर सारखा करत होती. बायनाबाई तिच्या शेजारी टेकली आणि आत काय झालं ते सगळं सांगितलं. साहेबाने काय विचारलं, काय द्यायला निघाला होता आणि आपण काय म्हणालो. भिवराबाई ऐकत राहिली. तिने आभार मानले नाहीत की डोळे पुसले नाहीत. ऐकून झाल्यावर तिने मांडीवरच्या फडक्याची घडी मोडून पुन्हा घातली.

"समदा मिळत हुता न्हवं?" तिने विचारलं.

"मिळत होता."

"मी आदी आत गेली आसती ना बाय," भिवराबाई म्हणाली, "तर मी समदा घेतला आसता."

"ठावं हाय," बायनाबाई म्हणाली. "मी बी तेच ठरवून आलते."